गोव्याच्या थंडीत पाइनच्या फांद्या कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या फुलांच्या सजावटीवर अख्खं पान आलं होतं. पाइनच्या फांद्या, चंदेरी पानं, पांढरी फुलं, मधेमधे लाल बेरी आणि सगळ्यावर खोटा बर्फ मारलेला. फोटो सुंदर होते, त्यात वादच नाही. पण मी फोंड्यात बरीच वर्षं लग्नाची, बारशाची, देवळातल्या उत्सवांची फुलांची कामं करते आणि ते पान आल्यापासून लोक तोच फोटो मोबाईलवर घेऊन यायला लागलेत, ताई आम्हाला असंच पाहिजे म्हणून, त्यामुळे म्हटलं लिहावंच. पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा, फक्त हिरव्या फोमबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पानावरचा हिवाळा युरोपातला आहे. तिकडे डिसेंबरात बाहेर जवळजवळ काहीच फुलत नाही, झाडं खराट्यासारखी होतात, मग जे हिरवं शिल्लक राहतं तेच घरात आणतात, म्हणजे फर, पाइन, होली, आयव्ही, त्यात पाइनची सुकी बोंडं आणि लाल फळं. हेलेबोर नावाचं एक फूल त्या थंडीतही येतं, आणि ॲमॅरिलिस नार्सिससचे कांदे लोक घरात उबेला ठेवून मुद्दाम फुलवतात. ॲडव्हेंटची ती मेणबत्त्यांची गोल माळ आहे ना, तीसुद्धा १८३९ ला हॅम्बुर्गमध्ये विचर्न नावाच्या गृहस्थांनी गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केली, लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून, हिरवा पाला त्यावर नंतर चढला. म्हणजे तिथल्या लोकांनी आपल्या हवेत जे मिळतं त्यातून ही पद्धत बनवली, आणि ती छानच आहे, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण त्यातलं घ्यायचं काय? पाइनची फांदी घ्यायची की जे मिळतं त्यातून बनवायचं हे घ्यायचं?

कारण आपल्याकडे उलटं आहे. गोव्यात डिसेंबर जानेवारीत तापमान रात्री फार तर विसापर्यंत उतरतं आणि दुपारी बत्तीस. पाऊस गेलेला, हवा कोरडी, उन्हाचा त्रास नाही, फुलझाडांना याच्यापेक्षा चांगले दिवस वर्षभरात नाहीत. दिवाळीपासून शिगम्यापर्यंत आपल्याकडे फुलांची रेलचेल असते आणि आपण नेमके त्याच दिवसांत सुकलेल्या गवताचे आणि बर्फाचे फोटो बघून ऑर्डर देतो, हे मला खरंच खटकतं.

शेवंतीचंच बघा. शेवंती ही दिवस लहान व्हायला लागले की फुलते, खरं म्हणजे रात्र मोठी झाली की. झाडाला सलग अंधार किती तास मिळतो यावर कळी धरायची की नाही ते ठरतं, म्हणून पावसात नुसती पानं वाढतात आणि दिवाळी आली की कळ्या. कर्नाटकात कोलार चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला शेतकरी रात्री शेतात बल्ब लावून ठेवतात, लांबून बघितलं तर जत्राच भरलीय असं वाटतं, पण ते शेवंतीला अजून रात्र लहानच आहे असं भासवण्यासाठी असतं, म्हणजे झाड उंच होतं आणि हव्या त्या वेळी बल्ब बंद करून फुलं काढता येतात. आपल्या परसात बल्ब बिल्ब काही लागत नाही, आपोआप वेळेवर येते. आणि टिकते किती! बाकीची फुलं दुसऱ्या दिवशी मान टाकतात, शेवंती आठवडाभर आरामात उभी राहते, पाणी बदललं तर जास्तच. वेणीत घाला, हारात घाला, फुलदाणीत घाला. असं फूल आपल्या दारात असताना लग्नाच्या स्टेजवर ते नको म्हणतात, का तर म्हणे ते देवाचं फूल वाटतं.

पॉइन्सेटियाचंही तसंच, नाताळात लाल होणारं झाड. तेही रात्रीचंच गणित, रोज सलग बारा चौदा तास काळोख मिळाला की वरची पानं लाल होतात. ज्यांच्या कुंडीतलं झाड डिसेंबर आला तरी हिरवंच राहतं त्यांनी एकदा बघावं की रस्त्यावरचा दिवा किंवा बाल्कनीतली ट्यूब त्याच्यावर पडते का, बहुतेक वेळा तेच कारण असतं. कुंडी काळोखाच्या कोपऱ्यात सरकवा, पण हे नोव्हेंबर लागायच्या आधीच करायला पाहिजे, नाताळच्या आठवड्यात सरकवून काही होत नाही. आणि लाल असतात त्या पाकळ्या नव्हेत, ती पानंच, खरी फुलं मधे बारीक पिवळी असतात. विकत घेताना ती पिवळी फुलं अजून पूर्ण उमलली नसतील असं झाड घ्या म्हणजे लाली जास्त दिवस टिकते. बोगनवेलीचंही असंच, रंग पानांचा आणि फूल आत चिमुकलं पांढरं. पाऊस संपून जमीन वाळायला लागली की बोगनवेल भरते, साष्टीतल्या जुन्या घरांच्या कुंपणांवर जानेवारीत जो रंग असतो तो कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. कापून पाण्यात ठेवली की लवकर गळते हे खरं, म्हणून मी ती फुलदाणीत घालत नाही, कमानीवर शेवटच्या क्षणी बांधते, एका संध्याकाळीपुरती भरपूर झाली.

मग कुंद आहे. पांढरंशुभ्र फूल, थंडीतच येणारं. कोरांटी आहे, पिवळी आणि जांभळी, कुंपणाला कोणी न लावता उगवते. आबोली तर जवळजवळ बारा महिने, पण थंडीत तिचा रंग बघा. वास नाही म्हणून नावं ठेवतात पण केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवलेली आबोलीची फाती दोन तीन दिवस सहज राहते. झेंडू, म्हणजे आमची रोजां, आहेतच. डेलिया, ॲस्टर, झिनिया, कॉसमॉस हे कुंडीत लावायचं तर हेच दिवस. आणि थंडी उतरायला लागली की फेब्रुवारी मार्चात सुरंगी, मग ओवळं, म्हणजे बकुळ. मात्र जाई आता शोधू नका, जाई पावसाळ्यातली, म्हार्दोळला जायांची पूजा होते तेव्हाची. मोगरा उन्हाळ्यातला, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंडांच्या, म्हणजे व्रत धरलेल्या भक्तांच्या गळ्यात मोगऱ्याचे हार असतात कारण तो मोगऱ्याचाच महिना असतो. जानेवारीच्या लग्नाला मोगऱ्याच्याच माळा पाहिजेत म्हणून हट्ट धरणारे भेटतात, मिळतो, नाही असं नाही, पण भाव ऐकून मग माझ्याशीच वाद घालतात.

आता कोणी म्हणेल की ताई तुम्ही देशी विदेशी करताय. अजिबात नाही. झेंडू मेक्सिकोतला, निशिगंध मेक्सिकोतला, पॉइन्सेटियाही तिथलाच, बोगनवेल ब्राझीलची, देवळासमोरचा चाफासुद्धा अमेरिकेकडून आलेला. समुद्रावरून आलेल्या गोष्टी आपल्याश्या करून घेण्यात गोंयकाराला कोणी शिकवायला नको. आबोली इथली आणि झेंडू तिकडचा म्हणून मी एकाला वर एकाला खाली बसवत नाही. प्रश्न हा आहे की ते फूल इथल्या हवेत या महिन्यात खुशीत आहे का. झेंडू खुशीत आहे. हायड्रेंजिया नाही, तिला पाणी इतकं लागतं की मोकळ्या लॉनवर दुपारी चारला लावली तर पाहुणे येईपर्यंत चिंध्या. मोठ्या डच गुलाबांचंही तेच, कोल्ड स्टोरेजमधून निघून रात्रभर गाडीत, मग आपल्या बत्तीस डिग्रीत, बिचारे किती वेळ उभे राहणार.

गोव्यात थंडीत फुलं किती लागतात याचा विचार केलाय का कधी. तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं, त्याला आपल्याकडे व्हडली दिवाळी म्हणतात, वृंदावनाला ऊस, चिंच, आवळा आणि झेंडू. मग त्रिपुरारी पौर्णिमा, साखळीला विठ्ठलापुरात नौका सोडतात, त्याच सुमाराला नागेशीची जत्रा. मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, ८ डिसेंबरला पणजीचं, मग नाताळ, ६ जानेवारीला तीन राजांचं. पौषात फातर्प्याची जत्रा, म्हापशाला बोडगेश्वर, माघात कवळे, मंगेशी, म्हार्दोळ. आणि मधे लग्नं. आता गंमत बघा, आपल्याकडे धनुर्मासात लग्नं टाळतात आणि ख्रिस्ती लोक ॲडव्हेंटमध्ये सहसा टाळतात, त्यामुळे एकांची थांबली की दुसऱ्यांची चालू, नाताळ झाला की चर्चमधली लग्नं सुरू ती कार्निव्हलपर्यंत, संक्रांत झाली की आपली परत. चार महिने फुलांची मागणी एक दिवस खाली येत नाही.

आणि ही फुलं येतात कुठून? बहुतेक घाट उतरून. बेळगाव, हुबळी, बंगळूर. पहाटे चोर्ल्यातून किंवा अनमोडातून गाड्या येतात, घाटात ट्रक अडकला की त्या दिवशी पणजी मडगावच्या बाजारात भाव ठरवणारा तो ट्रकच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी एका वेणीला काय मोजावं लागतं ते बायकांना विचारा. बेळगावच्या शेतकऱ्यांबद्दल माझी काडीची तक्रार नाही, ते नसते तर आमची कामं बंद पडली असती. पण आपल्या शेतांचं काय? गेल्या काही वर्षांत दसरा दिवाळीसाठी झेंडू लावणारे आपल्याकडेही वाढलेत, चांगलं आहे, पण सगळे एकाच वेळी, मग दिवाळीच्या आधी एकदम ढीग आणि देव दिवाळी झाली की शेतात काही नाही. भात कापून झाल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी जी शेतं मोकळी होतात, जिथे वायंगण, म्हणजे थंडीतलं भात करण्याइतकं पाणी नाही, तिथे तयार रोपं आणून झेंडू लावला तर नाताळ ते संक्रांत या दिवसांत तोडायला येतो, म्हणजे बरोब्बर पौषातल्या जत्रांना आणि लग्नांना. रोप जरा वाढलं की शेंडा खुडायचा, मग फुटवे फुटतात आणि फुलं वाढतात, पाणी भातापेक्षा कितीतरी कमी. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो, म्हणून मिरची वांग्याच्या वाफ्यांशेजारी तो लावतातच. जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरची, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची, किनारपट्टी शेतीची संशोधन संस्था आहे, कृषी खात्याची विभागीय कार्यालयं तालुक्यांत आहेत, ज्यांना करायचंय त्यांनी तिथे जाऊन विचारावं, कुठली जात, किती अंतर, सगळं सांगतात.

आता फोम. याच्यासाठीच खरं तर बसले लिहायला.

तुमच्या पुरवणीतल्या एका फोटोत खाली लिहिलं होतं की फोमची वीट पाण्यात भिजवून त्यात देठ खोचा. सगळे डेकोरेटर वापरतात, ओएसिस म्हणतात किंवा नुसता स्पंज म्हणतात, हिरवा, हलका, बोटाने दाबला तर चुरा होतो. १९५४ ला अमेरिकेत निघाला. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेलं प्लास्टिकच ते, माती नाही, वनस्पती नाही, हिरवा रंग बघून लोकांना वाटतं काहीतरी झाडपाल्याचं असेल. एका कार्यात वापरला की त्याला भोकं पडलेली असतात म्हणून टाकूनच द्यायचा. तो कुजत नाही, त्याचा बारीक चुरा होत जातो. लोक भिजवलेलं पाणी सरळ गटारात ओततात, गटार ओहोळात, ओहोळ मांडवीत नाहीतर झुआरीत. २०१९ ला मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी यावर अभ्यास केला तेव्हा हा चुरा पाण्यातले जीव खातात आणि त्यातून निघणारी रसायनं त्यांना बाधतात असं दिसलं. शिनाण्ये आणि तिसऱ्या असले पाण्यातले शिंपले खाणाऱ्या आपल्या लोकांना ह्याचं वेगळं काही सांगायला पाहिजे का? इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत हा फोम बंदच केला. म्हणजे ज्यांच्या फोटोंवरून आपण ट्रेंड उचलतो त्यांनीच तो टाकून दिला आणि आपण आता कौतुकाने घेतोय. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून जी सिंगल यूज प्लास्टिकची बंदी आली त्यात सजावटीचं थर्माकोल आहे, फोमचं नाव मात्र त्या यादीत नाही, त्यामुळे दुकानात खुशाल मिळतो.

आणि याला आपल्याकडे पर्याय शोधायचीसुद्धा गरज नाही. केळीचा बुंधा! घड काढल्यावर केळ तोडावीच लागते, बुंधा बागेत पडून असतो, बहुतेक लोक फुकट देतात. हवा तेवढा लांब तुकडा घ्यायचा, खालून एक बाजू सपाट तासायची म्हणजे लोळत नाही, बांबूच्या टोकदार काडीने भोक पाडायचं आणि देठ आत सरकवायचा. आत इतकं पाणी असतं की शेवंती, झेंडू, जरबेरा दीड दोन दिवस ताजे राहतात, मी वर थोडं पाणी शिंपडते एवढंच. काम झालं की माडाच्या मुळात टाका, विषय संपला. आपल्या देवळांत मखराला, चौरंगाला, सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे गाभे आणि खांब आपण कधीपासून वापरतोय, हे काही मी शोधून काढलेलं नाही. त्रास आहे तो पण सांगते, लपवून काय करायचं. एक तर जड, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चढवताना दोन माणसं लागतात. दुसरं म्हणजे चीक. केळीच्या चिकाचा डाग साडीवर पडला की जात नाही, म्हणून खाली पत्र्याचा ट्रे आणि बाजूने पानं पाहिजेतच, आणि तासून रात्रभर उभा ठेवला तर बराचसा चीक निथळून जातो. टेबलावरच्या छोट्या सजावटीला बुंधा बोजड दिसतो, तिथे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोळा करून भांड्यात बसवायची आणि पाणी भरायचं, किंवा ती जपानी पद्धतीची खिळ्यांची चकती मिळते, एकदा घेतली की जन्मभर. तांब्या, कळशी, नारळाच्या करवंट्या, मातीची बुडकुली यांत तर काहीच लागत नाही, देठ एकमेकांत अडकवले की उभे राहतात.

फोम सोडला की रिबीन, चकाकी, रंग मारलेली फुलं यांचंही बघायला हवं. निळी शेवंती आणि निळा निशिगंध बाजारात येतो, देठातून शाई पाजलेली असते, हाताला रंग लागतो. चमचम मारलेली पानं निर्माल्यात गेली की त्याचं खत होत नाही. साळगावच्या प्लांटला ओला कचरा म्हणून जे जातं त्यात हे सगळं मिसळलेलं असतं, तिथल्या कामगारांनी ते हाताने वेगळं करायचं का?

पांपास गवताचं तर खूळच आलंय. पिसांसारखे ते उंच तुरे, लग्नाच्या स्टेजवर दोन्ही बाजूंना. दक्षिण अमेरिकेतलं गवत, न्यूझीलंड दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत ते शेतात रानात इतकं पसरलंय की तिथे त्याला उपद्रवी तण ठरवलंय. इथे ते सुकवून, रंग उडवून पॅक होऊन येतं, भाव भरपूर. मला त्याचा आकार आवडतो, खोटं कशाला बोलू, पण तसा सोनेरी रंग आणि तशी हालचाल पाहिजे असेल तर डिसेंबरात आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर काय असतं? पावसात वाढलेलं गवत उभ्या उभ्या वाळून सोनेरी झालेलं असतं. मालकाला विचारून दोन भारे आणले की पूर्ण स्टेज होतं. त्यात भाताच्या लोंब्या घाला, नव्याची आठवण म्हणून दाराला बांधतात तशा. सुपारीचा पिवळाकेशरी घड, माडाच्या कोवळ्या पातीचं विणकाम, आंब्याचे टाळे. हे सगळं एकत्र केलं आणि मधे पिवळी शेवंती ठेवली तर नवरीचा फोटो कुणाच्याही फोटोपेक्षा कमी येत नाही, मी केलंय, लोकांनी नंतर विचारत येऊन पत्ता घेतलाय.

पांढरंच पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी सांगते, विशेषतः चर्चच्या लग्नांसाठी. पांढरं म्हणजे लिलियम आणि कार्नेशनच असं नाही. पांढरी शेवंती, तगर, कुंद, निशिगंध, आणि हिरव्यासाठी नेचा, क्रोटन असलं काही न घेता साधी माडाची पाती. निशिगंध थंडीत जरा कमी येतो पण मिळतो, आणि संध्याकाळी मंडपात जो वास सुटतो तो लिलियमला नाही. रंग हवा असेल तर हेलिकोनिया, अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड आपल्याकडे सावलीच्या जाळीखाली करणारे शेतकरी आहेत, त्यांना आधी सांगून ठेवलं तर ताजं मिळतं, घाट चढायचा उतरायचा नाही. हे आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे. लोक हॉल सहा महिने आधी ठरवतात, कॅटरर ठरवतात, आणि फुलांचं चार दिवस आधी बोलतात, मग आमच्याकडे बेळगावच्या ट्रकशिवाय इलाज राहत नाही.

घरी फुलदाणी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण यावर फोन खूप येतात. देठ तिरका कापा आणि पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढून टाका, नाहीतर पाणी सडतं. पाणी दिवसाआड बदला आणि दर वेळी देठ थोडा कापा. फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका, पिकलेल्या केळ्यांतून जो वायू निघतो त्याने फुलं लवकर म्हातारी होतात, कार्नेशन तर लगेच. बास, एवढं केलं तरी पुष्कळ.

संपादक साहेब, आता तुम्हाला विनंती. आपल्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीची माटोळी बांधतो. त्या दिवसांत रानात, बागेत जे आलेलं असतं तेच तिला लटकवतात, मुलांना त्यातून झाडांची ओळख होते, आणि कला आणि संस्कृती खातं दर वर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, त्यात लोक किती जीव ओततात ते तुम्ही दर वर्षी छापताच. मग तशीच नजर थंडीतल्या फुलांकडे का नको? तुमच्या पेपरने नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला एक छोटा चौकोन द्यावा, या आठवड्यात गोव्यात काय फुललंय, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडगावला, फोंड्याला काय भाव आहे, आणि त्यातून घरच्या घरी काय करता येईल. फुलं विकणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याच डिझायनरला नाही, कुठल्या वाड्यावर कुठली वेल कधी फुलते इथपर्यंत. फोटो पण इथलेच छापा. देवस्थान समित्यांनी आणि फेस्ताच्या आयोजकांनी डेकोरेटरला काम देताना फोम चालणार नाही असं एक वाक्य कागदावर घातलं तरी सगळा बाजार बदलेल, कारण आम्ही डेकोरेटर लोक गिऱ्हाईक सांगेल ते करतो, मला माहीत आहे, मी त्यातलीच आहे. आमच्यातल्या कोणाला बुंध्याचं काम शिकायचं असेल तर मी दाखवायला तयार आहे, पैसे नकोत.

एक भीती मात्र आहे ती पण लिहिते. इथलं वापरा म्हटल्यावर लोक रानात घुसून ओरबाडायला लागतील, तसं होऊ नये. सुरंगीच्या फांद्या मोडून आणू नका, सुरंगी झाडाच्या अंगावरच येते, ती पहाटे कळ्या वेचणाऱ्यांकडून विकत घ्या, त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या दोन महिन्यांत असतं. सड्यावरचं गवतही सगळं कापू नका, गुरांना लागतं, आणि त्यात पाखरं असतात. परसात जे लावता येतं ते लावा, कोरांटी आणि आबोली तर फांदी खोचली तरी पावसात लागते.

माघातल्या जत्रा यायच्या आहेत, त्यांच्या फुलांचं बोलणं आत्ताच होईल, म्हणून पत्र शक्य तितक्या लवकर छापावं ही विनंती.

आपली,
फुलांची कामं करणारी एक वाचक,
फोंडा, गोवा